पडदे उपटलेली गिटार

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याला कुणी ओळखत नाही. मी दहा-बारा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवली आहे, म्हणून खात्रीने सांगतो. निवेदक एकेकाची ओळख करून देतो. ढोलकी, की-बोर्ड, ऑक्टोपॅड, टाळ्या, शिट्ट्या. बेसवाल्यापर्यंत येईतो पुढच्या गाण्याची वेळ झालेली असते. तक्रार नाही, या वाद्याचं कामच तसं. ते वाजत असतं तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. थांबलं की गाण्याच्या पायाखालची फरशी निघते आणि मग सगळे मान वळवून आपल्याकडे बघतात.

१९८९ साली आमच्यातल्या एका गोवेकर ट्रंपेटवाल्याने मला एक कॅसेट दिली. ‘वेदर रिपोर्ट’ या अमेरिकन बँडची, नाव ‘हेवी वेदर’. पहिल्याच रचनेच्या सुरुवातीला एक बारीक, शीळ घातल्यासारखी धून येते. मला वाटलं, की-बोर्ड असेल. तो म्हातारा हसला आणि म्हणाला की ती तुझीच बेस आहे. रात्री मी ती धून वीस-पंचवीस वेळा मागे नेऊन ऐकली. वाजवणाऱ्याचं नाव जाको पास्टोरियस. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याला जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती आणि जाताना तो अवघा पस्तीस वर्षांचा होता.

जाकोचा जन्म १ डिसेंबर १९५१ चा, पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाऊनचा. योगायोग असा की लिओ फेंडरची पहिली इलेक्ट्रिक बेस गिटार बाजारात आली तीही १९५१ सालीच. तिचं नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता. उभा डबल बेस हा पुरुषभर उंचीचा बोजा, त्याला पडदे नाहीत, सूर अंदाजाने शोधायचा. फेंडरने मानेवर धातूचे पडदे बसवले, त्यामुळे बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर बरोबर लागू लागला. अचूकता ती हीच. आणि ज्या पोराने पुढे हे वाद्य जगाला नव्याने ऐकवलं, त्याने नेमके हे पडदेच उपटून फेकले!

वडील गायक आणि ड्रमवादक. कुटुंब फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळच्या ओकलंड पार्कला आलं आणि जाको तिथेच वाढला. खरं तर त्याला वडिलांसारखं ड्रमवरच बसायचं होतं. पण फुटबॉल खेळताना मनगट दुखावलं, आणि पोरांच्या बँडमध्ये जास्त चांगला ड्रमर आला तेव्हा याने बेस उचलली. मग पैसे साठवून उभा बेस घेतला. समुद्राकाठच्या दमट हवेने तो एका सकाळी तडकलेला सापडला. त्याचा तो गोड, घसरता सूर मात्र डोक्यातून जाईना. म्हणून १९६२ सालच्या एका फेंडर जॅझ बेसचे पडदे गेले. त्या खाचा त्याने भरून काढल्या आणि वर होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचे थर दिले.

हे होड्यांचं इपॉक्सी ही काही गंमत नव्हे. त्याच्या तारा रोटोसाउंडच्या, पोलादी वेटोळ्यांच्या, कानसीसारख्या खरखरीत. नुसतं लाकूड त्यांनी काही महिन्यांत खाऊन टाकलं असतं. शिवाय कठीण पृष्ठभागामुळे सुराला काचेसारखी चमक आली. पडदा असला की तार धातूवर टेकते. पडदा नसला की ती बोटाच्या मांसावर थांबते, म्हणून सूर मऊ उमटतो, मग फुलतो. सरोद ऐकणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पण केसभर चुकलं की बेसूर. जाकोने जुन्या पडद्यांच्या जागी रेषा राहू दिल्या होत्या, बोट तो नेमकं त्या रेषेवर ठेवत असे.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. आम्ही बेसवाले खर्ज वाढवायचो, छाती हादरली की खूश. पण सभागृहात तो खर्ज ड्रमच्या मोठ्या ढोलात मिसळतो आणि नुसता गढूळ घुमारा उरतो. जाको उलट करी. दोन पिकअपपैकी घोडीजवळच्या पिकअपचा आवाज ठेवायचा, दुसऱ्याचा उतरवायचा, आणि तारही घोडीजवळच छेडायची. त्यामुळे मधले स्वर पुढे येतात आणि बँड कितीही गरजत असला तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. त्याचा अॅम्प्लिफायर होता ‘अकूस्टिक ३६०’, दोनशे वॅटचा. त्याच्या पेटीतला अठरा इंची स्पीकर पाठीमागे तोंड करून बसवलेला. शेजारी उभं राहिलं तर आवाज जेमतेम वाटतो, लांबच्या रांगेत मात्र पुरेपूर पोचतो. मंचावर तो अशा दोन पेट्या ठेवी.

पण सामान सगळं तेच घेऊन किती जण जाको झाले? माझंच सांगतो. मी एका सेकंडहँड बेसचे पडदे पकडीने उपटले. निम्म्या मानेच्या ढलप्या निघाल्या. तरी हौसेने ती कार्यक्रमात घेऊन बसलो. मध्यंतरात गायिकाबाईंनी काळजीच्या स्वरात विचारलं की तुम्हाला आज बरं वाटत नाही का. शेवटी ते धूड मिरजेला एका सतारमेकरकडे नेलं. ज्याचा जन्म पडदे बांधण्यात गेला, त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि मुकाट्याने खाचांत लाकूड भरून दिलं.

जाकोचा हात तयार झाला तो रस्त्यावर. १९७२ मध्ये, विशीत, तो वेन कॉक्रनच्या ‘सी. सी. रायडर्स’ या बँडबरोबर बसने गावोगाव हिंडत होता. कॉक्रन हा डोक्यावर केसांचा मनोरा रचणारा सोल गायक, आणि त्याचा कार्यक्रम म्हणजे निव्वळ धमाल, रोज रात्री लोकांना खुर्चीवरून उठवायचं. घरी बायको आणि तान्ही मुलगी. नोटेशन वाचायला तो या बँडमध्येच शिकला. सुरांच्या मध्ये तार अर्धवट दाबून काढलेले, सूर नसलेले ते ठुक-ठुक आघात, ज्यामुळे त्याची बेस तबल्यासारखी चालते, ते अशा नाचऱ्या गाण्यांतूनच आले. त्याला आकाशातून पडलेला चमत्कार म्हणणाऱ्यांना ही बस दिसत नाही. मला ती फार जवळची वाटते.

पुढचं सगळं भराभर झालं. मायामीत त्याने ‘वेदर रिपोर्ट’च्या जो झाविनुलला गाठलं आणि आपण जगातले सर्वश्रेष्ठ बेसवादक आहोत अशी स्वतःची ओळख करून दिली. झाविनुलने त्याला झटकून टाकलं, पण हा पाठ सोडीना. १९७६ मध्ये त्याची स्वतःची पहिली तबकडी निघाली. तिची सुरुवात ‘डोना ली’ने, साथीला फक्त काँगो. त्याच वर्षी तो ‘वेदर रिपोर्ट’मध्ये गेला, आणि १९७७ मध्ये ती माझी कॅसेटवाली ‘हेवी वेदर’ आली.

मंचावर तो जमिनीवर पावडर टाकून घसरत नाचे, कोलांटी मारी. काही जाणकारांना ते आवडत नसे. पण १९७९ च्या ‘८:३०’ या कार्यक्रमांतल्या ध्वनिमुद्रणात त्याचं एकट्याचं वादन ऐका. डिजिटल डिले नावाच्या यंत्रात तो एक छोटासा तुकडा वाजवून ठेवतो, तो फिरत राहतो, आणि त्यावर हा आपलीच साथ घेऊन वाजवत सुटतो. आज हे खेळण्यातल्या पेटीवरही होतं. तेव्हा बेसवाला असं काही करतो हेच लोकांना नवीन होतं.

सुरुवातीला दारूला न शिवणारा हा माणूस याच वर्षांत पिऊ लागला. १९८२ मध्ये त्याने बँड सोडला, स्वतःचा मोठा वाद्यवृंद घेऊन जपान गाजवला. वागणं मात्र बिघडत चाललं होतं. त्याच सुमारास निदान झालं, बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे उन्माद आणि खिन्नता यांचे झोके. १९८६ मध्ये त्याला न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल केलं. औषधांनी हात जड होतो, म्हणून तो ती टाळी. मधल्या काळात तो रस्त्यावर, बागांत राहत होता. ती पडदे उपटलेली बेस त्याने एकदा स्वतःच फोडली. फ्लोरिडातल्या कारागिरांनी तुकडे जुळवून ती परत उभी केली, आणि १९८६ मध्येच वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधल्या बाकावरून ती चोरीला गेली.

आपल्याकडे अशा माणसाला कलंदर म्हणायची पद्धत आहे. मला या शब्दाचा आता राग येतो. आमच्या ऑर्केस्ट्रात एक ड्रमर होता. चार-चार रात्री झोपायचा नाही, अफाट वाजवायचा, मग महिनाभर खोलीचं दार उघडायचा नाही. आम्ही त्याचे किस्से रंगवून सांगायचो. त्याला डॉक्टरकडे न्यावं असं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. नंतर तो गावी गेला तो परतला नाही. जाकोच्या निदान घरच्यांनी धडपड केली. आम्ही तर टाळ्याच वाजवत होतो.

११ सप्टेंबर १९८७ च्या रात्री जाको सांतानाच्या कार्यक्रमात मंचावर घुसला, तिथून त्याला बाहेर काढलं. पुढे विल्टन मॅनर्समधल्या एका क्लबने आत घेतलं नाही, तेव्हा त्याने दार लाथाडलं. तिथल्या माणसाने त्याला इतकं मारलं की तो शुद्धीवर आलाच नाही. २१ सप्टेंबरला तो गेला. मारणाऱ्याने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, बावीस महिन्यांची शिक्षा झाली, चार महिन्यांत तो सुटला.

चोरीला गेलेली ती बेस २००६ मध्ये न्यू यॉर्कमध्येच सापडली. मालकी कुणाची यावरून वाद झाला, तेव्हा ‘मेटालिका’चा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो याने पदरचे पैसे घालून ती सोडवली, आणि २०२४ मध्ये ती पास्टोरियस कुटुंबाकडे परत गेली. ही बातमी वाचली तेव्हा माळ्यावरची माझी बेस खाली काढली. मिरजेच्या त्या माणसाने भरलेल्या खाचा अजून घट्ट आहेत. खालच्या तारेवर, तिसऱ्या रेषेवर बोट ठेवलं आणि हलकेच छेडलं. सूर थोडा उतरलेला लागला. बोट जरा पुढे सरकवलं.