गॅरी किल्डॉल: हार्ड डिस्क बदलली तरी लॅपटॉप पुन्हा उभा राहतो, त्यामागचा माणूस

लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली आणि तुम्ही नवीन एसएसडी टाकली. आत विंडोज नाही, एकही फाईल नाही. तरी पॉवर बटण दाबलं की स्क्रीन उजळते, कीबोर्ड चालतो, पेनड्राइव्ह ओळखला जातो. डिस्क रिकामी असताना हे काम करतं कोण? बायोस, किंवा आजच्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय. बायोस हे नाव आणि त्यामागची कल्पना ज्याने रुजवली, तो म्हणजे गॅरी किल्डॉल. बिल गेट्स सगळ्यांना माहीत आहे, किल्डॉल फार कमी लोकांना.

जहाजांच्या शाळेतून कॉम्प्युटरकडे

किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहरात झाला. घरची शाळा होती, पण ती जहाज कसं हाकायचं हे शिकवणारी! गॅरीने मात्र वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स घेतलं, १९७२ मध्ये पीएचडी केली आणि कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या कॉलेजात शिकवलंही. सोबत इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम. इंटेलच्या चिपसाठी त्याने पीएल/एम ही प्रोग्रामिंग भाषा बनवली.

१९७४ च्या सुमारास त्याच्याकडे ८ इंची फ्लॉपी ड्राइव्ह होता, पण तो कॉम्प्युटरला जोडणारं सर्किट काही जमेना. शेवटी जॉन टोरोड या मित्राने ते बनवून दिलं. त्यावर चालायला किल्डॉलने जी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, ती म्हणजे सीपी/एम. पत्नी डोरोथीसोबत त्याने कंपनी काढली, डिजिटल रिसर्च.

खरी आयडिया

तेव्हा प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं. प्रत्येकासाठी अख्खी सिस्टीम बदलायची म्हणजे डोक्याला ताप. किल्डॉलने मग तिचे भाग पाडले. हार्डवेअरशी बोलणारा छोटा भाग वेगळा काढला, तोच बायोस. नवीन मशीन आलं की फक्त तेवढाच बदलायचा, बाकी सीपी/एम जशीच्या तशी. त्याचा बायोस फ्लॉपीवरूनच लोड व्हायचा. पुढे आयबीएम पीसीमध्ये बायोस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये गेला आणि डिस्कपासून सुटा झाला.

आजच्या ॲक्टिव्हेशनचं बीजही इथे दिसतं. सीपी/एमच्या प्रत्येक कॉपीत सिरीयल नंबर असायचा. मेमरीच्या मापाप्रमाणे सिस्टीम नव्याने बसवणारा प्रोग्राम हा नंबर चालू सिस्टीमशी ताडून बघायचा. जुळला नाही तर एरर देऊन काम थांबायचं!

आयबीएमची संधी

१९८० मध्ये आयबीएमला आपल्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. आयबीएमची माणसं आली तेव्हा गॅरी मजेत विमान उडवत होता, असा किस्सा आजही फिरतो. खरं तर तो स्वतःच्या विमानाने आधीच ठरलेल्या कामासाठी एका ग्राहकाकडे गेला होता. आयबीएमच्या गोपनीयतेच्या कराराला डोरोथीने लगेच होकार दिला नाही आणि बोलणी पुढे फिसकटली.

मायक्रोसॉफ्टने मग टिम पॅटरसनने लिहिलेली, सीपी/एमच्या धर्तीवरची सिस्टीम विकत घेऊन आयबीएमला दिली. किल्डॉलने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवली, पण किंमत २४० डॉलर. मायक्रोसॉफ्टवाली ४० डॉलरला. लोक काय घेणार?

किल्डॉल थांबला नाही. सीडी-रॉमवर विश्वकोश आणण्याचं काम केलं, टीव्हीवर ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ कार्यक्रमाचा सहसूत्रधार झाला. १९९१ मध्ये त्याची कंपनी नॉव्हेलने घेतली. ११ जुलै १९९४ रोजी डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर तो गेला. वय फक्त ५२. २०१४ मध्ये आयईईईने पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्याच्या जुन्या ऑफिसबाहेर सन्मानाची पाटी लावली. गेल्यानंतर २० वर्षांनी!

आता तुमचा लॅपटॉप

- विंडोज ८ पासून, विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये असते. त्यामुळे हार्ड डिस्क बदलल्याने ती जात नाही.
- विंडोज १० किंवा ११ टाकताना आधीचीच एडिशन निवडा. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय घ्या.
- इंटरनेट जोडा. आधी ॲक्टिव्ह असलेलं विंडोज सहसा आपोआप ॲक्टिव्ह होतं. कोणी वेगळे पैसे मागितले तर आधी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन तपासा.
- मदरबोर्ड बदलला तर मात्र अडचण येऊ शकते. म्हणून लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा.

आणि हो, विंडोज परत येतं, फोटो येत नाहीत. बॅकअप आजच घ्या. पुढच्या वेळी रिकाम्या डिस्कवरही लॅपटॉप चालू झाला, की किल्डॉलची आठवण नक्की काढा.