रबरालाही वय असते

आमची गाडी फारशी चालत नाही. मी निवृत्त माणूस. भाजी आणायला पायी जातो आणि लांबचा प्रवास वर्षाकाठी एक-दोनदा करतो. त्यामुळे टायर अगदी नव्यासारखे दिसत, नक्षी ठसठशीत होती. २०२३ च्या मे महिन्यात कोल्हापूरला निघालो आणि कराडच्या अलीकडे मागचा टायर फुटला. मागच्या सीटवर सूनबाई होती आणि तिच्या मांडीवर नातू झोपलेला. मुलाने गाडी कशीबशी सावरली म्हणून निभावले.

पंक्चरवाल्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे मला दाखवले. २३१४. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. तो झिजला नव्हता, म्हातारा झाला होता. रबर म्हातारे होते, हे मला तोवर ठाऊकच नव्हते! घरी आल्यावर रबराविषयी मिळेल ते वाचत सुटलो आणि चार्ल्स गुडइयर नावाच्या माणसापाशी येऊन थांबलो.

अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी १८०० साली त्याचा जन्म झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा होता. तो बुडाला आणि कर्जापायी चार्ल्सला तुरुंग पाहावा लागला. त्या काळी रबराच्या वस्तूंची नवलाई होती; पण उन्हाळ्यात रबर वितळून चिकट होई आणि थंडीत दगडासारखे कडक होऊन तडकत असे. १८३४ च्या सुमारास गुडइयरने हे कोडे सोडवायचे मनावर घेतले. रसायनशास्त्राचे शिक्षण नाही, गाठीला पैसा नाही. स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा. चुना, मॅग्नेशिया, आम्ल, जे हाती लागेल ते तो रबरात मिसळून पाही. सरकारकडून टपालाच्या पिशव्यांचे काम मिळाले. त्या पिशव्याही उष्म्याने बिघडल्या. घरातल्या वस्तू गहाण पडल्या, मुलांची पुस्तके विकावी लागली. बारा अपत्यांपैकी सहा लहानपणीच गेली. पत्नी क्लॅरिसाने हे सारे कसे सोसले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

१८३९ साली वूबर्न गावी गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखे चिवट झाले. पुढे आच किती आणि वेळ किती, हे ठरवण्यात वर्षे गेली. १८४४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र टॉमस हॅनकॉकने आधीच पेटंट मिळवले होते. अमेरिकेतही नक्कल करणारे पुष्कळ होते. १८५२ साली डॅनियल वेबस्टरसारखा नामांकित वकील देऊन त्याने एक मोठा खटला जिंकला, तरी कर्ज फिटले नाही. १८६० मध्ये मरणासन्न मुलीला भेटायला निघाला असता, न्यूयॉर्कला पोचताच तिच्या मृत्यूची बातमी कळली. तो तिथेच कोसळला आणि १ जुलैला गेला. मागे उरले सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली निघाली. तिच्याशी त्याच्या घराण्याचा संबंध नव्हता. आणि मोटार? ती तर त्याने पाहिलीही नाही.

गुडइयरने केले काय? रबराचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. गंधक आणि उष्णता त्यांना गोधडीच्या टाक्यांप्रमाणे एकमेकांशी बांधतात. पण गोधडीही कधीतरी विरतेच. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि ऊन हे दोरे हळूहळू तोडतात, रबर ताठरते, बारीक भेगा पडतात. टायरच्या रबरात संरक्षक मेणही घातलेले असते. चाक फिरताना ते पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीत तेही नीट होत नाही. म्हणजे गाडी कमी वापरून मी टायर जपत होतो, हा माझा भ्रमच!

इंग्लंडमध्ये मोटारीमागे जोडायची चाकांवरची खोली असते, कॅरॅव्हॅन. ती हिवाळाभर एकाच जागी उभी राहते आणि सुट्टीत सामानाने भरून भरधाव निघते. म्हणून तिचे टायर नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे तर नेऊच नयेत, असा सल्ला तिथे दिला जातो. मोटारीचे टायर पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांपुढे वापरू नयेत, असे टायर कंपन्या सांगतात. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली, कडेला भेग किंवा फुगवटा दिसला, तर वयाचीही वाट पाहू नये. हवा मात्र टायर थंड असतानाच तपासावी.

एका माणसाने रबरापायी आयुष्य आणि संसार पणाला लावला. मला फक्त वाकून चार आकडे वाचायचे होते, तेवढेही मी केले नाही. आता प्रवासाच्या आदल्या दिवशी नातू आणि मी मिळून ते वाचतो. मागच्या महिन्यात त्यानेच विचारले, आजोबा, स्टेपनीचे वय किती? डिकी उघडून पाहिले. तीही २०१४ चीच निघाली. दुसऱ्याच दिवशी बदलली.