मुंबईत गवसलेला ‘विल्स घटक’

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी आज गर्भवतींना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. त्यांतील फॉलिक ॲसिडचा पहिला माग मुंबईत लागला.

लंडनच्या डॉ. लूसी विल्स (१८८८-१९६४) १९२८ मध्ये मुंबईस आल्या. तेथील गरीब स्त्रियांना, त्यांतही गिरणी कामगारांना, गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई. तांबड्या पेशी आकाराने वाढत, पण परिपक्व होत नसत. अनेकींचा त्यात अंत होई. जंतूंचा संशय तपासांती टिकला नाही. मग हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या स्त्रियांच्या ताटाकडेच लक्ष वळवले. निकृष्ट आहार आणि हा विकार हातात हात घालून चालत होते.

उपाय सापडला तो मार्माइटमध्ये. बिअरच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा हा स्वस्त अर्क! तो घेतलेल्या रुग्ण स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे माकडांवरील प्रयोगांनीही त्यांस दुजोरा दिला. अर्कातील अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढण्यात आले. नंतर अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले. सुब्बारावांचे नाव आपल्याकडे निदान अधूनमधून निघते. विल्सबाईंचे मुंबईतही नाही. मायदेशी परतल्यावर त्या १९४७ पर्यंत लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होत्या.