वाघाकडूनच वाघाचा फोटो काढून घेणारे चॅम्पियन साहेब

मागल्या हिवाळ्यात एका गावचे पोलीस पाटील मोबाईल घेऊन माझ्याकडं आले. त्यांच्या मुलानं गोठ्यामागच्या बांधावर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला होता. रात्री दोनच्या फोटोत वाघ आला म्हणून गावभर बोभाटा झालेला. रात्रपाळीची लाईट, गहू पाण्याला आलेला, आणि दारं धरायला कुणी जायला तयार नाही. फोटो बघितला आणि मला एका जुन्या माणसाची आठवण झाली. शंभर वर्षांपूर्वी हाच उद्योग त्यानं आपल्या देशात केला होता.

त्यांचं नाव फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन. जन्म 1893 चा, इंग्लंडमधला. वडील कीटकशास्त्रज्ञ. भाऊ हॅरी चॅम्पियनही हिंदुस्थानात वनाधिकारी झाले, आणि आपल्या देशातल्या जंगलांचे प्रकार त्यांनी पाडून दिले ते आजही वनखात्यात शिकवतात. फ्रेडरिक 1913 साली इकडं आले ते पूर्व बंगालच्या पोलीस खात्यात. पहिल्या महायुद्धाच्या काळात फौजेत गेले. युद्ध संपल्यावर संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडाकडं, वनखात्यात रुजू झाले.

त्या काळी साहेब म्हटलं की खांद्याला बंदूक आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो. चॅम्पियनना शिकारीची नावड होती. त्यांना जिता वाघ पाहिजे होता, तोही त्याच्या स्वतःच्या वाटेवर, रात्रीच्या वेळी. कधी हत्तीवर बसून ते दिवसा फोटो घेत, पण वाघ हिंडतो रात्री. मग त्यांनी जनावराच्या वाटेवर बारीक तार ताणायला सुरुवात केली. जनावराचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडायचा आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडून मिटायची. फोटो काढणारा माणूस तिथं हजरच नाही! जनावरानं स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा.

ऐकायला सोपं वाटतं, पण विचार करा. आज आपण कॅमेरा लावतो, तो रात्रभर शेकड्यानं फोटो घेतो. त्यांची भुकटी एकदा उडाली की ती रात्र संपली. तार वाघासाठी ताणायची आणि पहिला पाय अस्वलाचा पडायचा. ते जनावर येणार कुठून, चालणार कसं, हे माग बघून आधी ओळखावं लागे. मनासारखे वाघाचे फोटो मिळायला त्यांना सुमारे आठ वर्षं लागली. 1925 साली लंडनच्या एका मोठ्या सचित्र साप्ताहिकानं ते छापले आणि जंगलात मोकळा फिरणारा वाघ लोकांनी पहिल्यांदा पाहिला. 1927 मध्ये त्यांचं वाघांच्या मुलखावरचं पुस्तक निघालं, दुसरं 1934 मध्ये. जिम कॉर्बेटसारख्या पट्टीच्या शिकाऱ्यानं बंदुकीऐवजी कॅमेरा धरला, त्यामागं चॅम्पियनचे फोटो होते, हे कॉर्बेटनी स्वतः लिहून ठेवलंय.

मला मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट. एकाच वाटेवरचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा चॅम्पियनना दिसलं की प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. डाव्या अंगाचे उजव्याशी जुळत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. आज देशातली व्याघ्रगणना याच पायावर उभी आहे. 2018 च्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. बिबट्याच्या ठिपक्यांचंही तसंच.

फोटोपुरतेच ते थांबले नाहीत. बंदुकीचे परवाने कमी करा, राखीव जंगलात मोटारी आवरा, जनावर मारल्याचं बक्षीस घटवा, असं ते सरकारी नोकरीत राहून सांगत होते. 1936 साली हेली राष्ट्रीय उद्यान झालं, ते आजचं कॉर्बेट. त्याच्या उभारणीत कॉर्बेटबरोबर चॅम्पियनही होते. उद्यानाला नाव एकाचंच लागलं. 1947 नंतर ते वनखात्याच्याच कामावर पूर्व आफ्रिकेत गेले. 1970 साली वारले.

त्यांच्या तारेवर वाघ-बिबट्यांबरोबर रानमांजर आणि वाघाटीही आल्या. आपला घोटाळा नेमका इथंच होतो. फोटोत जनावर कॅमेऱ्याजवळ असलं की मांजराचा वाघ दिसतो. अमेरिकेतही बॉबकॅट नावाचं रानमांजर आणि डोंगरी सिंह यांच्यात लोक असेच फसतात, आणि तिथंही पहिल्यांदा शेपूटच बघतात. बॉबकॅटची आखूड, डोंगरी सिंहाची लांबलचक. आपल्या बिबट्याचीही शेपूट लांब, जवळजवळ जमिनीला टेकून टोकाला वर वळलेली. अंगावर फुलासारखे पोकळ ठिपके. रानमांजराचं अंग मातकट, ठिपके नाहीत, पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाकडं काळी कडी. वाघाटीला ठिपके असतात पण ते भरीव, आणि कपाळावरून मानेकडं पट्टे जातात. ऊसतोडीत सापडलेली तिची पिलं बिबट्याची म्हणून उचलून नेतात आणि आई बिचारी फडात शोधत बसते. पिलू कशाचंही असो, हात न लावता वनरक्षकाला कळवा. बिबट्याचं असेल तर आई जवळच असते, हे विसरू नका.

रात्रीचा फोटो काळा-पांढरा येतो, त्यामुळं रंगावर जाऊ नका. पंचनाम्याला नुसता मोबाईलवरचा फोटोही पुरत नाही. जागेवरचा ठसा टोपलीखाली झाकून ठेवा आणि शेजारी काडेपेटी ठेवून त्याचा फोटो घ्या, माप आपोआप कळतं.

पाटलांना मी एकच काम सांगितलं. कॅमेरा हलवायचा नाही, जनावर उभं होतं त्याच जागी स्वतः उभं राहून फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो शेजारी धरले. जनावराची पाठ पाटलांच्या गुडघ्याच्याही खाली होती, आणि शेपूट वीतभरच. त्या रात्री दोघं जण बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला गेले.