थंडीचे शास्त्र जाणणारा आमुंडसेन

कळमेश्वर : डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला, तेव्हाही या भागातील लोकांना शेकोटी आणि घराचे छप्पर हाताशी होते. हिवाळ्यात हिमालयाच्या पदभ्रमणाला निघणाऱ्या तरुणांना तो आधार नसतो. त्यांनी नॉर्वेचे संशोधक रोआल्ड आमुंडसेन यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

आमुंडसेन यांचा जन्म १६ जुलै १८७२ चा. त्यांनी डॉक्टर व्हावे, ही आईची इच्छा होती. तिच्या निधनानंतर त्यांनी ते शिक्षण सोडले. १८९६ च्या जानेवारीत भाऊ लिऑनसह ते हार्डांगरचे पठार स्कीवरून ओलांडण्यास निघाले. प्रवास थोडक्या दिवसांचा म्हणून तंबू घेतला नाही. वादळात वाट चुकली, शिधाही बर्फात हरवला. एका रात्री आमुंडसेन बर्फात खळगा करून झोपले. अंगावरचा ओला बर्फ पहाटेपर्यंत गोठला आणि झोपण्याच्या पिशवीसह ते जिवंत चिणले गेले. लिऑनने खणून काढले म्हणून प्राण वाचले.

शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया जडतो. आधी हुडहुडी भरते, मग जीभ अडखळते, पुढे विचारशक्तीच मंदावते आणि आपण संकटात आहोत हेही उमगत नाही. गारठ्याला ओल, वारा, उपासमार आणि थकवा यांची जोड मिळाली की हे फार लवकर घडते.

यावरचा उपाय आमुंडसेन यांना विद्यापीठात नव्हे, उत्तर कॅनडातील नेटसिलिक इनुइट लोकांकडे मिळाला. १९०३ ते १९०५ या काळात त्यांचे 'ग्योआ' जहाज तेथे मुक्कामाला होते. रेनडिअरच्या कातड्याचे दुहेरी, सैल कपडे ते वापरू लागले. आतल्या कपड्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. मधल्या हवेमुळे ऊब टिकते आणि घाम साचत नाही. घाम फुटेल इतकी घाई करायची नाही, हेही ते तेथेच शिकले.

तरीही दक्षिण ध्रुवाच्या ओढीने ८ सप्टेंबर १९११ रोजी ते वेळेआधीच निघाले. उणे ५० अंशांहून कडक थंडीत सहकाऱ्यांच्या टाचा हिमदंशाने बधिर झाल्या आणि माघार घ्यावी लागली. या घाईबद्दल त्यांना दोष द्यावाच लागेल. पण मागे फिरण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते. १९ ऑक्टोबरला चार सहकारी व कुत्र्यांच्या गाड्यांसह ते पुन्हा निघाले. रोजची चाल बेताची, विश्रांती भरपूर. १४ डिसेंबर १९११ रोजी त्यांनी ध्रुव गाठला आणि ९९ दिवसांत पाचही जण सुखरूप परतले.

त्याच मोसमात ब्रिटनचे कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार साथीदार परतीच्या वाटेवर मृत्युमुखी पडले. ते स्वतः घसरगाड्या ओढत होते. घाम, अपुरे अन्न आणि थंडी यांनी त्यांना खचवले.

१८ जून १९२८ रोजी बेपत्ता 'इटालिया' हवाईजहाजातील लोकांच्या शोधासाठी आमुंडसेन विमानाने निघाले. ते परतले नाहीत. त्यांचा मृतदेहही सापडला नाही.