४९ किलोंचा हातोडा

मनगट एवढंसं, हाडं बारीक, मग ठोशात दम कुठून येणार? जिममध्ये नव्या पोराला हे हमखास ऐकवलं जातं. असं ऐकवणाऱ्यांना जिमी वाइल्ड माहीत असायला हवा.

जिमीचा जन्म १८९२ चा, वेल्समधल्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पाय अगदी काटकुळे. कोवळ्या वयातच तो खाणीत उतरला. मोठ्या माणसांना शिरता येणार नाही अशा चिंचोळ्या जागेत हा सरपटत जायचा आणि कोळसा फोडायचा. पुढे तो जत्रेतल्या बॉक्सिंगच्या तंबूंत लढू लागला. तिथे वजनाचे गट वगैरे काही नसायचं. धिप्पाड खाणकामगार या काडी पहिलवानाला बघून हसायचे आणि थोड्या वेळाने आडवे व्हायचे.

ही ताकद यायची कुठून? ठोसा नुसता हातातून निघत नाही. तो तळपायापासून सुरू होतो, कमरेच्या झटक्यातून खांद्यात आणि तिथून मुठीत पोचतो. वेग, टायमिंग आणि त्या क्षणी मुठीमागे शरीराचं किती वजन आलं, यावर मार ठरतो. जाड हाडं मुठीला आधार देतात, पण ती स्वतःहून ठोसा मारत नाहीत. जिमी हात कमरेपाशी ठेवून उभा राहायचा आणि समोरच्याला कळायच्या आत ठोसा बसलेला असायचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं, हातात हातोडा असलेलं भूत!

डिसेंबर १९१६ मध्ये लंडनला त्याने यंग झुलू किडला ११व्या फेरीत हरवलं आणि तो फ्लायवेटचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. या गटाची मर्यादा सुमारे ५१ किलो. जिमी बहुतेक वेळा ४९ च्याही आतच असायचा. १९१८ मध्ये त्याने दोन गट वरच्या, फेदरवेटमधल्या जो कॉनला १२व्या फेरीत गारद केलं.

पण वजनाचा हिशेब कायमचा चुकवता येत नाही. १९२१ मध्ये त्याच्याहून जड असलेल्या पीट हर्मनने त्याला इतकं झोडपलं की १७व्या फेरीत रेफ्रीला लढत थांबवावी लागली. ठोसा मारायला तंत्र पुरतं, ठोसे खायला मात्र अंगात वजन लागतं. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला २१ वर्षांच्या पांचो व्हियाने सातव्या फेरीत त्याचं विजेतेपद हिसकावलं. त्यानंतर जिमी पुन्हा लढला नाही. १९६९ मध्ये तो गेला.

२००३ मध्ये ‘द रिंग’ मासिकाने आजवरच्या १०० सर्वांत जबरदस्त ठोसेबाजांची यादी काढली. जिमी त्यात तिसरा आहे. वर फक्त दोघं, जो लुई आणि सॅम लँगफर्ड. त्यातल्या जो लुईचं वजन जिमीच्या जवळजवळ दुप्पट होतं.