विश्लेषण : वेधशाळा ट्रामने हलवली, नोंद तुटू दिली नाही! नानाभॉय मूस यांची आकडेमोड आजच्या ‘पायथन’ शिकणाऱ्यांच्या कामाची का?

अलिबागच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठी येणाऱ्या बहुतेकांना तेथील चुंबकीय वेधशाळा ठाऊक नसते. ती उभारणारे नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांचे नाव तर त्याहून कमी जणांना माहीत आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाखो नोंदींतून त्यांनी कागद-पेन्सिलीने जे शोधले, त्याच पायऱ्या आज पायथन ही स्क्रिप्टिंग भाषा शिकताना पहिल्या काही धड्यांत येतात.

मूस कोण होते?

मुंबईतील पारशी कुटुंबात 1859 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा जन्म झाला. योगायोग असा, की त्याच्या दोनच महिने आधी, 2 सप्टेंबरला, कुलाबा वेधशाळेत इतिहासातील सर्वांत तीव्र चुंबकीय वादळांपैकी एक नोंदले गेले होते. तेव्हा क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरला. मूस पुढे एडिंबरा विद्यापीठात शिकले, एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1896 मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

अलिबागच का?

कुलाब्यात 1841 पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि सूक्ष्म चुंबकमापकांना तो सहन होत नाही. शहराला ट्राम हवी होती, विज्ञानाला शांतता. साठ वर्षांची सलग नोंद तिथेच संपली असती.

मार्ग निघाला तो खाडीपलीकडे, सुमारे 30 किलोमीटरवर. गंमत म्हणजे अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते (रायगड हे नाव 1981 मधले). म्हणजे वेधशाळा एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात आली! नवी इमारत पोरबंदरच्या दगडाची होती आणि तिच्यात लोखंड वर्ज्य होते.

खरा शहाणपणा मात्र इमारतीत नव्हता. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन्ही जागांचे चुंबकीय क्षेत्र सारखे नसते. त्यामुळे दोहोंतला फरक आधी नीट कळला, तरच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. हे झाल्यावरच कुलाब्यातील चुंबकीय नोंदी थांबल्या आणि 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली.

यात प्रोग्रॅमिंग कुठे आले?

त्या काळी ‘कम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारा माणूस. 1910 मध्ये मूस यांनी 1846 ते 1905 या काळातील नोंदी आणि त्यांची चिकित्सा दोन जाड खंडांत प्रसिद्ध केली. दर तासाला एक आकडा धरला, तर साठ वर्षांचे एकाच घटकाचे सव्वापाच लाखांहून जास्त आकडे होतात. एवढी बेरीज हाताने!

आज पायथनमध्ये दिवसाचे 24 आकडे एका ‘लिस्ट’मध्ये ठेवता येतात. ‘फॉर’ लूप एकेक आकडा उचलून बेरजेत टाकतो, शेवटी 24 ने भागले की सरासरी मिळते. हीच कृती ‘फंक्शन’ म्हणून एकदा लिहून ठेवली की साठ वर्षांच्या प्रत्येक दिवसाला लावता येते. दिवस शांत की वादळी, हे ठरवायला ‘इफ’ची अट. दोन वेधशाळांतला फरक एका ‘व्हेरिएबल’मध्ये ठेवला, की तो जुन्या प्रत्येक आकड्यात मिळवता येतो.

एक गोष्ट नवशिक्यांना हमखास अडवते. पायथनच्या लिस्टमध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणून 24 आकड्यांपैकी शेवटचा 23 क्रमांकावर असतो. मूस यांचे सर्वांत महत्त्वाचे काम या शून्याशीच जोडलेले आहे.

ते काम कोणते?

चुंबकीय वादळ कधीही सुरू होते, एखादे पहाटे तर एखादे दुपारी. घड्याळाच्या तासाप्रमाणे अनेक वादळांची सरासरी काढली, तर एकाची सुरुवात दुसऱ्याच्या मध्यावर पडते आणि चित्र पुसट होते. मूस यांनी तास मोजले ते वादळ सुरू झाल्यापासून. प्रत्येक वादळाची सुरुवात म्हणजे तास शून्य. अशी सगळी वादळे एकाखाली एक लावून सरासरी काढल्यावर त्यांचा सामाईक आकार दिसला : आडवा घटक आधी किंचित वाढतो, मग काही तासांत जोरात घसरतो आणि पुढे काही दिवस हळूहळू सावरतो. सिडनी चॅपमन यांनी नंतर हाच विचार पुढे नेला. आकडे तेच होते, फक्त मोजणीची सुरुवात बदलली.

आज हे करून पाहता येईल का?

येईल, आणि मोबाइलवरही. अलिबाग वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून संस्थेचे मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे. जगभरातील वेधशाळांच्या ‘इंटरमॅग्नेट’ जाळ्यातून अलिबागचे मिनिटा-मिनिटाचे आकडे मिळतात. म्हणजे दिवसाला 1,440.

फक्त एक सावधगिरी हवी. या फाइलींत नोंद नसेल तिथे 99999 लिहिलेले असते. समजा, एका दिवसाचे 23 तासांचे आकडे 38,500 आहेत आणि एका तासाची नोंद नाही. ‘इफ’ने तो 99999 वगळला नाही, तर सरासरी येते सुमारे 41,062. म्हणजे सुमारे 2,560 नॅनोटेस्लांची चूक, 1859 च्या घसरणीपेक्षाही मोठी! अट घातली, 24 ऐवजी 23 ने भागले, की उत्तर पुन्हा 38,500.

मूस यांचे निधन 1936 मध्ये झाले. अलिबागची नोंद अजून सुरू आहे.